मदत हवी आहे: फ्लाय रॉडची लाईन पुढे जातच नाही, पायाशीच गोळा होऊन पडते

राजेहो, कोणी फ्लाय फिशिंग (पिसा-दोऱ्याची नकली माशी टाकून मासे धरणं) करत असेल तर जरा सांगा बा. कन्हानवर मामासोबत लहानपणापासून गळ टाकला आहे, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावली, शिसं बांधलं, झालं काम. माझा साळा कुल्लूकडे ट्राउट धरायला जायचा, आता त्याचा नाद सुटला तर त्याने सगळं सामान मला देऊन टाकलं. ९ फुटी रॉड आहे, त्यावर ५ वेट लिहिलं आहे, रील रिकामं, एका डब्यात पिवळी जाड लाईन, डब्यावर डब्ल्यूएफ ५ एफ असं काहीतरी, आणि तंगुसाची दोन पाकिटं, एकावर ३ एक्स एकावर ५ एक्स. मी अंगणात लाईन उलगडली, एक टोक रीलला बांधलं, दुसऱ्या टोकाला सरळ फ्लाय बांधली आणि मैदानात जाऊन फेकून पाहिली. काहीच होऊन नाही राहिलं. रॉड कितीही जोरात हाणला तरी लाईन समोरच गोळा, पोरं क्रिकेट सोडून मलेच पाहून राहिली होती. साळा फोनवर म्हणतो आधी बॅकिंग टाक, पण कोणती, किती, ते काही सांगत नाही. रॉड खराब आहे का माझंच चुकलं?

प्रतिसाद:
रॉड ठीक असेल हो. एक सांगा, लाईनच्या एका टोकाला तयार लूप होता का, आणि दुसऱ्या टोकाला छोटी चिठ्ठी? कोणतं टोक रीलला बांधलं?

धागाकर्ता:
चिठ्ठी होती, इंग्रजीत बारीक काहीतरी, फाडून फेकली. लूपवालं टोक रीलला बांधलं, फासा आयताच तयार होता ना भाऊ.

प्रतिसाद:
मग लाईन उलटी भरली तुम्ही 😄 पहिल्यांदा मीही हेच केलं होतं. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की हे टोक रीलकडे. आपल्या गळाला शिसं ओढून नेतं, फ्लायला वजनच नसतं, इथे लाईनच वजन असते. डब्ल्यूएफ म्हणजे वजन पुढे, एफ म्हणजे तरंगणारी. ५ वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा नंबर, त्या लाईनचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, तेवढ्यानेच रॉड वाकतो आणि लाईन पुढे फेकतो. तुमचा तो जाड भाग रीलच्या पोटात आहे आणि टोकाबाहेर निघतोय मागचा बारीक भाग, मग रॉड वाकेल कशाने? सगळी काढा. आधी रीलला बॅकिंग, २० पौंडी डेक्रॉनची विणलेली दोरी, ५० ते १०० यार्ड, रील जेवढं मावेल तेवढी, काठापर्यंत ठासून भरू नका, थोडी जागा सोडा. बॅकिंगला लाईनचं मागचं टोक नेल नॉटने जोडायचं, ही गाठ हाताने बसत नाही, बॉलपेनची रिकामी रिफील मध्ये धरून बांधा, मग रिफील ओढून घ्या. लूपवालं टोक बाहेर. त्या लूपला ९ फुटी लीडर, म्हणजे निमुळता तंगूस, लूपमध्ये लूप घालून, हात मिळवल्यासारखी गुंफण दिसली पाहिजे, एक लूप दुसऱ्याला आवळून बसला तर चूक. लीडर एकीकडे जाड आणि फ्लायकडे बारीक होत जातो, जाड लाईनला सरळ फ्लाय बांधली तर मासा जवळही येत नाही. तुमची ती पाकिटं टिपेटची, म्हणजे लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक तंगुसाची. एक्सचा आकडा वाढला की जाडी कमी, ११ मधून आकडा वजा करा, तेवढे हजारांश इंच, म्हणजे ५ एक्स ०.००६ इंच. सुरुवातीला ३ एक्सच वापरा, आणि गाठ आवळायच्या आधी थुंकी लावा, कोरडी आवळली की तंगूस जळतो.

प्रतिसाद:
एक भर घालतो. कुल्लूकडची लाईन थंड पाण्याची असेल तर आपल्या मे महिन्यात मऊ पडून रॉडच्या रिंगांना चिकटते, गाडीत तर अजिबात ठेवू नका. मैदानात फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा, डोळा वाचेल. चिलापीपासून सुरू करा. मरळीच्या नादी ५ वेट घेऊन लागू नका, ती गवतात घुसते आणि दात आहेत तिला. तलाव बहुतेक मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असतात, आधी विचारा. तोतलाडोहचं नावच काढू नका, व्याघ्र प्रकल्प आहे.

धागाकर्ता:
उलटी भरलेली काढली, डेक्रॉन पतंगाच्या दुकानात विचारला तर तो हसला, शेवटी ऑनलाईन मागवला. रिफीलवाली गाठ चौथ्यांदा बसली. आज सकाळी लोकर बांधून २५-३० फूट गेली राजेहो! आता मागे फेकताना चाबकासारखा फटकारा येऊन राहिला, दोनदा लोकरच तुटून गेली. हे काऊन होते?

प्रतिसाद:
घाई करून राहिले तुम्ही. मागे लाईन सरळ होऊ द्या, मान वळवून पाहा, मग पुढे.