गुरांच्या डॉक्टरला एचआयव्हीच्या संशोधनात कोण विचारतं?

परळवाला_व्हेट: बीव्हीएस्सीची इंटर्नशिप संपत आलीय. एमव्हीएस्सीला पॅथॉलॉजी घ्यायची म्हणतोय. बाबा म्हणतात, एलडीओची (सरकारी पशुधन विकास अधिकाऱ्याची) परीक्षा दे, नाहीतर गावात दवाखाना टाक. मेलेली जनावरं चिरून पोट भरतं का? मला एचआयव्हीवर काम करायचंय. वेडेपणा आहे का?

लुइझियानाकर: बाबांना सांग, भरतं. माझं वीस वर्षं भरतंय.

1998 साली ‘सायन्स’मध्ये रोनाल्ड व्हीझी, अँड्र्यू लॅकनर आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. हे दोघंही आपल्यासारखेच जनावरांचे डॉक्टर. माकडं ऱ्हीसस, विषाणू एसआयव्ही, म्हणजे एचआयव्हीचा भाऊबंद. तोवर सगळे रक्तातल्या सीडी4 पेशी, म्हणजे हा विषाणू ज्यांना मारतो त्या रोगप्रतिकारक पेशी, मोजत बसलेले. अरे, पण शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट्सपैकी (या पांढऱ्या पेशी, सीडी4 त्यातल्याच) रक्तात जेमतेम 2 टक्के! यांनी आतडं बघितलं. लागण झाल्यावर काही दिवसांतच तिथल्या सीडी4 पेशींचा फडशा, आणि रक्ताचा रिपोर्ट अजून बरा. विषाणूला पेशीत शिरायला पेशीवरचा सीसीआर5 नावाचा रिसेप्टर, म्हणजे दरवाजाच, लागतो, आणि तो असलेल्या पेशी आतड्याच्या अस्तरात खच्चून भरलेल्या. माणसांतही असंच होतं, हे 2004 मध्ये छापून आलं.

माणसांच्या डॉक्टरला दंडातलं रक्त सहज मिळतं. आतड्याचा तुकडा दर आठवड्याला कोण देणार?

आमचं काम म्हणजे जेजुनमचा (लहान आतड्याच्या मधल्या भागाचा) वीतभर तुकडा उभा चिरायचा, धुवायचा, थोडा फॉर्मलिनमध्ये टाकायचा, उरलेल्यातल्या पेशी एन्झाइमने सुट्या करून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायच्या. निरोगी माकडात सीडी4 च्या जागी ठिपक्यांचा दाट ढग दिसतो. लागण झालेल्याचं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जागा जवळजवळ कोरी. मला वाटलं, सीडी4 ओळखणारी अँटिबॉडी घालायलाच विसरलो. पुन्हा केलं. तेच.

परळवाला_व्हेट: सर, माकडं मारावी लागतात?

लुइझियानाकर: हो. सवय झालीय असं म्हणणार नाही. भारताने 1978 मध्ये ऱ्हीससची निर्यात बंद केली, तेव्हापासून भारतीय वंशाची माकडं इथे अमेरिकेतच पैदा करतात. आपल्याच देशातली, हे दर वेळी मनात येतं.

नागपुरी_पॅथो: एसीव्हीपीची, म्हणजे अमेरिकेतली व्हेट पॅथॉलॉजिस्टची परीक्षा अवघड असते का हो?

लुइझियानाकर: भयंकर. मी दुसऱ्यांदा पास झालो. आणि परळवाल्या, आतापासून पोस्टमॉर्टेमला आतडं अख्खं उघडत जा. आम्ही दोन ठिकाणी कात्री मारून ‘एनएडी’ (काही दोष आढळला नाही) लिहायचो.