मदत हवी: वाचनालयासाठी संगणक, प्रोग्रॅमिंग, इंटरनेटवरची नवीन पुस्तकं कुठली घ्यावी?

पानपलटी
नमस्कार. आमच्या वाचनालयात संगणकाच्या पुस्तकांचं एक कपाट आहे, पण आतला माल विंडोज एक्सपी, फ्लॅश आणि व्हिज्युअल बेसिक 6 चा. मुलं येतात, चाळतात, ठेवून जातात. शनिवारी कार्यकारी मंडळाची बैठक आहे, त्याआधी यादी हवी. विक्रेत्याने पाठवलेल्या यादीत निम्मी पुस्तकं "तीस दिवसांत शिका" छापाची आहेत. कुणी दहा-पंधरा चांगली नावं द्याल का? कृपया लवकर.

सातारकर_देव
पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं घ्या, डोळे झाकून. बाकी सगळं नंतर.

ग्रंथमित्र६२
यादी मागण्याआधी थोडं सांगा. बजेट किती? मराठी हवीत की इंग्रजीही चालतील? वाचणारे कोण, शाळकरी, डिप्लोमावाले की मोठी माणसं? आणि वाचनालयात संगणक आहे का? संगणकच नसेल तर प्रोग्रॅमिंगचं पुस्तक घरी नेऊन मुलगा टाइप कुठे करणार?

कोडवाला_ठाणे
पायथन डोळे झाकून नको. पाया सी या जुन्या भाषेचाच. सी चे निर्माते डेनिस रिची यांनी ब्रायन कर्निगन यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती 1988 ची आहे आणि ती आजही चालते. पायथनचं 2010 चं पुस्तक घेऊन बसलात तर पहिल्याच पानावर अडकाल.

सातारकर_देव
अडकाल ते पायथन 2 या जुन्या आवृत्तीचं पुस्तक असेल तर. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 ला संपला. दुकानात पुस्तक उघडून बघा: प्रिंटपुढे कंस नसेल तर खाली ठेवा. एफ-स्ट्रिंग (मजकुरात चलाची किंमत थेट घालायची सोय) शिकवलेली असेल तर 2016 नंतरचं समजा, कारण ती पायथन 3.6 मध्ये आली. दोन मिनिटांचं काम आहे. आणि सी चं म्हणाल तर आपल्याकडची कितीतरी पुस्तकं अजून टर्बो सी या डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमवर आहेत, निळा पडदा आणि कोनिओ.एच, व्हॉइड मेन अशा जुन्या कोडच्या ओळी! मुलाने ती उदाहरणं जीसीसी या आजच्या सी कंपायलरवर चालवली की एररचा पाऊस.

कोडवाला_ठाणे
टर्बो सी च्या पुस्तकांची बाजू मी घेतच नाही. पण पॉइंटर (मेमरीतला पत्ता) न समजता मेमरी कळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

रत्नागिरीची_शैला
आमच्या ग्रंथालयातला अनुभव सांगते. नवी पुस्तकं ड्यूईप्रमाणे (विषयाला क्रमांक देणारी वर्गीकरण पद्धत) लावा: संगणक 004, प्रोग्रॅमिंग 005, त्यात भाषा 005.133, इंटरनेट 004.678, कृत्रिम बुद्धिमत्ता 006.3. नाहीतर सगळं "विज्ञान" म्हणून एकाच फळीवर कोंबलं जातं आणि वाचकाला काही सापडत नाही.

पानपलटी
शैलाताई, आभार, पण वर्गीकरण नंतर बघू. आधी खरेदी! ग्रंथमित्र, तुमचे प्रश्न: बजेट 12 हजार. सांगली जिल्हा, तालुक्याचं ठिकाण. संगणक एकच आहे, तो ग्रंथपालांच्या टेबलावर, दाखल नोंदीसाठी. वाचक जास्त करून आठवी ते बारावीचे, आणि संध्याकाळी निवृत्त मंडळी.

ग्रंथमित्र६२
हे आधी हवं होतं. एकच संगणक, तोही नोंदींचा. मग निम्मे पैसे अशा पुस्तकांवर घाला जी संगणकाशिवायही वाचून कळतात: द्विमान पद्धत (0 आणि 1 ची), अल्गोरिदम (काम करायच्या पायऱ्या), इंटरनेटचं पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसं जातं. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट 1983 च्या 1 जानेवारीला टीसीपी-आयपी या नियमांवर गेलं आणि आजही गाडा त्याच नियमांवर चालतोय. असं पुस्तक दहा वर्षं फळीवर टिकतं. "अमुक सॉफ्टवेअर 2023" दोन वर्षांत रद्दी.

एआय_प्रेमी
पण मुलांना एआय हवंय. चॅटजीपीटी कसं वापरायचं यावर मराठीतही पुस्तकं आली आहेत, ती घ्या.

ग्रंथमित्र६२
मी नसती घेतली. पडदा बदलला की पुस्तकातलं चित्र जुनं. यंत्र उदाहरणांवरून कसं शिकतं हे समजावणारं एखादं घ्या, ते पुरे.

सोलापुरी_चादर
निवृत्त मंडळींसाठी सायबर फसवणुकीवरचं मराठी पुस्तक नक्की घ्या. आणि भिंतीवर 1930 मोठ्या अक्षरात लावा, ऑनलाइन पैसे गेल्यास लगेच फोन करायचा तो राष्ट्रीय क्रमांक. आमच्या शेजारच्या आजोबांना तो कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. बाकी सातबारा ऑनलाइन कसा काढायचा, यावर कुणी लिहिलंय का? माझ्या वडिलांना हवंय.

सातारकर_देव
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.
पानपलटी, अजून एक. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची (लेखकाने काही अटींवर वाटायची मुभा दिलेली) प्रोग्रॅमिंगची पूर्ण पुस्तकं फुकट मिळतात. परवाना नीट वाचा. अव्यावसायिक वापराला मुभा असेल तर प्रत छापून बांधून फळीवर ठेवता येते, फक्त विकायची नाही. त्यात वाचलेले पैसे मराठी पुस्तकांना. आणि मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठी निवेदन असलेले धडे आहेत. तो एकच संगणक रविवारी सकाळी मुलांसाठी मोकळा ठेवा.

पानपलटी
हे मंडळासमोर मांडता येईल. रविवारच्या संगणकाला ग्रंथपाल तयार होतील असं वाटतं. वेबची पुस्तकं जुनी की नवी कशी ओळखायची?

कोडवाला_ठाणे
फॉन्ट टॅग, मार्की (सरकता मजकूर), टेबलांनी पान मांडणं, या जुन्या पद्धती शिकवत असेल तर सोडा. वेबपान लिहायची भाषा एचटीएमएल 5, तिचं मानक 2014 मध्ये पक्कं झालं, त्यानंतरचं आणि सीएसएसला (पानाची सजावट व मांडणी करणारी भाषा) भरपूर पानं दिलेलं घ्या. आणि एक सी चं घ्याच. एकच म्हणतोय.

पानपलटी
एक घेतो. कपाटातल्या जुन्या एक्सपीवाल्यांचं काय करू? जागाच नाही.

रत्नागिरीची_शैला
परस्पर रद्दीत देऊ नका. बाद करायच्या पुस्तकांची दाखल क्रमांकासह यादी करा, कार्यकारी मंडळाचा ठराव घ्या आणि दाखल नोंदवहीत प्रत्येकासमोर शेरा मारा. अनुदानातून घेतलेली असतील तर आधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. शनिवारी बैठक आहेच, तर हा विषय विषयपत्रिकेवर आजच घालायला सांगा.