मानसशास्त्र म्हणजे आजीचंच शहाणपण, फक्त डिग्री लावलेलं?

खडेबाजारवाला:
पोरीनं यंदा बी.ए.ला सायकॉलॉजी घेतलीय. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं म्हणून तिच्या नोट्स चाळल्या. पहिल्याच पानावर १८७९ साल, जर्मनीतलं लाइपझिग, विल्हेल्म वुंटची मानसशास्त्राची प्रयोगशाळा. पुढं पाव्हलॉव या रशियन शास्त्रज्ञाचा कुत्रा, त्याला खाण्याआधीची खूण कळली की लाळ सुटते. त्यात काय विशेष ओ? आमच्या गोठ्यात बादलीची कडी वाजली की म्हैस पान्हा सोडायची. आजीला हे ठाऊक होतं, तिला कुणी नोबेल दिलं नाही. मग एक धडा असा, की माणूस गट करतो आणि आपल्यातल्याला झुकतं माप देतो. बेळगावच्या माणसाला हे सांगायला प्रयोग लागतो? १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव कन्नड राज्यात घातलं, तेव्हापासून बघतोय की!

टिळकवाडीचा मास्तर:
आधी एक चूक. पाव्हलॉवला १९०४ चं नोबेल पचनसंस्थेच्या कामाबद्दल मिळालं, लाळेच्या या धड्याबद्दल नव्हे. आणि आजीला अर्धीच गोष्ट माहीत होती. खूण देत राहिलं पण खाणं दिलंच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. मध्ये विश्रांती दिली की तीच लाळ परत सुटते, म्हणजे शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं. हे मोजल्याशिवाय कळत नाही.
गटाचंही तसंच. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं इंग्लंडात ब्रिस्टलमधल्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी पोरांना पडद्यावरचे ठिपके मोजायला लावले आणि सांगितलं, तू या गटातला, तू त्या. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली. भांडण नाही, ओळख नाही, आपल्या गटात कोण हेसुद्धा माहीत नाही. तरी पैसे वाटताना पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून गंमत म्हणजे, दोन गटांतला फरक मोठा राहावा म्हणून आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी पुष्कळांना चाललं. आजी म्हणाली असती, जो तो आपलं पोट बघतो. इथं तर स्वतःचंच पोट कापलंय!

खडेबाजारवाला:
मास्तर, ठिपके वेगळे आणि इथलं वेगळं. माझा उतारा कन्नडात येतो, वाचून घ्यायला गल्लीतल्या वकिलाकडं जावं लागतं. हा काय मनाचा खेळ नव्हे. खरी अडचण आहे म्हणून गट आहे.

शहापूरकर:
मग आमच्या दोन गल्ल्यांचं काय? दोन्हीकडं मराठीच. विसर्जनाला कपिलेश्वर तलावाकडं जाताना पुढं कुणाचा गणपती, यावरून दरवर्षी गळपट्टी धरायची वेळ येते. कुणाचा उतारा अडकलाय तिथं? 😀

खानापूरची वैनी:
मला मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाचं पटतं. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमातल्या शिबिरात त्यानं ११ वर्षांच्या आसपासच्या २२ पोरांचे दोन संघ करून स्पर्धा लावल्या, तर झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. एकत्र जेवायला बसवून काही झालं नाही, उलट अन्न फेकाफेक. पण शिबिराचं पाणी बंद पडलं, गाडी सुरू होईना, तेव्हा सगळे मिळून दोर ओढायला लागले.
गेल्या पावसाळ्यात आमची बस जांबोटी रस्त्यावर चढावर बंद पडली. कंडक्टर ओरडला, "दब्ब्री, दब्ब्री!" मघाशी खिडकीच्या जागेवरून एकमेकांच्या भाषेचा उद्धार करणारे दोन बाप्ये खांद्याला खांदा लावून ढकलायला लागले. एकाची चप्पल चिखलात रुतली ती दुसऱ्यानं उपसून दिली. आता खरं सांगते, बस सुरू झाली आणि पाच मिनिटांत खिडकीचं भांडण परत सुरू. तरी आवाज खालच्या पट्टीत होता.

निपाणीचा नातू:
वैनी, शेरीफचं अर्धंच सांगितलंत. आदल्याच वर्षी, १९५३ ला, न्यूयॉर्क राज्यात त्यानं असाच घाट घातला होता आणि तो फसला. तिथं पोरांना आधी एकत्र राहू दिलं होतं, दोस्ती झाल्यावर गट पाडले. मग मुद्दाम खोड्या काढून बघितल्या, पण पोरांना संशय आला तो मोठ्यांचाच. शिबिर गुंडाळावं लागलं. १९५४ ला मात्र दोन्ही गट सुरुवातीपासूनच वेगळे ठेवले. आता आमच्याकडं बघा. आईची आई कन्नड, घरात "अज्जी" म्हणतो आणि "आजी"ही. मला विचाराल तर भांडण होतं का, यापेक्षा ते लावतंय कोण, हा प्रश्न मोठा. तो धडा नोट्समध्ये नसेल.

टिळकवाडीचा मास्तर:
नाही. वर्गात मी शिकवतो, पण पेपरात विचारत नाहीत.

खडेबाजारवाला:
बरं, तुमची बडबड पोरीला वाचून दाखवली. कालपासून गल्ल्याशेजारी वही घेऊन बसलीय. मराठी गिऱ्हाइकाला साडीमागं किती सोडतो आणि कन्नड गिऱ्हाइकाला किती, रेघा मारते. आता ती समोर बसली की मी सगळ्यांना सारखंच सोडतोय, वर दहा रुपये जास्तच. नुकसान माझं!

टिळकवाडीचा मास्तर:
तिला सांगा, वही गल्ल्याखाली ठेव म्हणून.

खडेबाजारवाला:
सांगून उपयोग नाही ओ. आता मला कळलंय.