तळ्याच्या पाण्याचा डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) : एकाच नमुन्याची दोन उत्तरं का येतात?

प्रश्न
मत्स्यविज्ञानाच्या प्रात्यक्षिकात विंक्लर पद्धतीने (ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन तयार करून ते थायोसल्फेटने मोजायचं) डीओ काढतोय. एकाच जागी, एकाच वेळी भरलेल्या दोन बाटल्या, एकीत ५.२, दुसरीत ६.८ मि.ग्रॅ./लिटर. शिवाय स्टार्चचा निळा रंग गेला म्हणून ब्युरेट वाचावं तर तो परत येतो. पुढे थेंब टाकत राहायचं का? बाटल्या ३०० मि.लि.च्या, थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल, मँगनीज सल्फेट आणि आयोडाइड-अझाइड २-२ मि.लि., टायट्रेशनला (ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंबथेंब सोडून मोजायला) २०० मि.लि.

प्रतिसाद १
एवढा फरक सहसा ब्युरेटमध्ये होत नाही, तो बाटली भरतानाच पडतो. बाटली नुसती बुडवून गुडगुड करत भरली की बाहेर पडणारी हवा पाण्यात ऑक्सिजन सोडून जाते. म्हणून जास्तीचा आकडाच आधी संशयास्पद धरा. सॅम्पलरची रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवा, दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वरून वाहून जाऊ द्या, मग नळी हळूच वर घ्या. बूच लावून बाटली उलटी धरा; बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा.

रसायनं तळ्याच्या काठावरच घाला. बाटली तशीच प्रयोगशाळेत नेली तर वाटेत शेवाळ आणि जिवाणू ऑक्सिजन वापरत राहतात. पिपेटचं टोक पाण्यात किंचित बुडलेलं हवं. द्रावणं जड असल्याने खाली बसतात आणि वरून सांडतं ते नमुन्याचंच पाणी, त्याची काळजी नको. मग बाटली पंधरा-वीस वेळा उलटसुलट करा. इथे घाई केली की साका (रसायनांमुळे तयार होऊन खाली बसणारा गाळ) ठिपक्याठिपक्यांचा राहतो आणि आकडा कमी येतो. साका निम्म्यापर्यंत बसल्यावरच गंधकाम्ल. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही.

प्रतिसाद २
निळा रंग पहिल्यांदा गेला तोच अंत्यबिंदू, म्हणजे थांबायची जागा. नंतर परत आला तर थेंब वाढवू नका. मिनिटभराने येणारा निळा हवेतल्या ऑक्सिजनमुळे असतो. काही सेकंदांतच परतत असेल तर नायट्रायटचा संशय घ्या. ते काढायला अझाइड असतं, तेव्हा ते द्रावण ताजं करून पाहा.

स्टार्च सुरुवातीलाच घालू नका. गडद आयोडीनला स्टार्च घट्ट धरून ठेवतो, मग निळा रंग रेंगाळतो. आधी फिकट गवती पिवळा येऊ द्या, मग १ मि.लि. स्टार्च घाला. आम्ल घातल्यावर टायट्रेशन लांबवू नका, आयोडीन उडून जातं. थायोसल्फेटही ठेवल्याठेवल्या कमजोर होतं. प्रत्येक वेळी पोटॅशियम डायक्रोमेटने तपासून घ्या.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. २०० मि.लि. मात्र बरोबर ना?

प्रतिसाद २
थोडं चुकतं. २-२ मि.लि. द्रावणं घालताना ४ मि.लि. नमुना सांडलाय, म्हणून २०० × ३०० ÷ २९६, म्हणजे सुमारे २०३ मि.लि. घ्या. मग वाचलेला प्रत्येक मि.लि. म्हणजे थेट १ मि.ग्रॅ./लिटर. फरक दीड टक्क्याचाच, पण तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

प्रतिसाद ३
पाणी गढूळ असेल तर अंत्यबिंदू दिसतच नाही. लिटरभराच्या बाटलीत १० टक्के तुरटीचं १० मि.लि. द्रावण आणि १-२ मि.लि. संहत अमोनिया घालून मिनिटभर हलकेच उलटसुलट करा. दहा मिनिटांनी वरचं नितळ पाणी सायफनने बीओडी बाटलीत (डीओची ३०० मि.लि.ची बूचवाली बाटली) घ्या, तेही हवा न लावता.

हिरव्यागार तळ्यात दुपारी डीओ १२ मि.ग्रॅ./लिटर आला तर चूक समजून खोडू नका. गोड्या पाण्यात ३० अंश सेल्सिअसला संपृक्तता (हवेतून पाण्यात मावेल तेवढा ऑक्सिजन) सुमारे ७.५ असते, पण उन्हात शेवाळ ती सहज ओलांडतं. माशांना धोका पहाटेच्या आकड्याचा असतो, म्हणून वहीत वेळ आणि तापमान लिहाच. आणि उरलेलं अझाइडचं द्रावण आम्लाच्या भांड्यात कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो.