मदत हवी आहे: बालीत गावांमधून ऑफरोड – जीप, एटीव्ही की स्कूटर? (उद्या पैसे भरायचेत)

घाईत_आहे
नमस्कार मंडळी. बालीला जातोय. बीच, झोके आणि फोटोसाठी रांग लावायचे दरवाजे नकोत. एक अख्खा दिवस गावांतून, भातखाचरांतून, चिखलातून हिंडायचंय. एजंटने तीन पर्याय पाठवलेत. बातुर ज्वालामुखीवर पहाटेची जीप, उबुदजवळ एटीव्ही (ती चार जाड चाकांची, हँडलवाली गाडी), नाहीतर स्कूटर भाड्याने घेऊन आपलं आपण फिरा. तिन्हींखाली मजकूर तोच, 'थरारक' आणि 'अविस्मरणीय'. यावरून माणसाने काय ठरवायचं? उद्या दुपारपर्यंत ॲडव्हान्स भरायचाय. केलंय त्यांनीच सांगा. गूगल, यूट्यूब सगळं झालंय, 'शोधा की' म्हणू नका.

भटकभवानी_नाना
भाऊ, स्कूटर. डोळे मिटून स्कूटर. जीपमध्ये ड्रायव्हर नेईल तिथे जाणार, एटीव्ही म्हणजे कुंपणाच्या आतली जत्रा. गाव बघायचं तर सिदमेनकडे जा. एका अंगाला आगुंग पर्वत, दुसऱ्या अंगाला खाचरं, गर्दी नाही. गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूनेच चालवायची, त्यामुळे सवय लागेपर्यंतचा गोंधळही नाही. फक्त एक जपा. सकाळी दारापुढे, कधी थेट रस्त्याच्या कडेलाच, नारळाच्या झावळीची तळहाताएवढी टोपली ठेवलेली असते. आत फुलं, चार शितं भात, एखादं बिस्कीट, वर धुमसती उदबत्ती. तिच्यावरून चाक नेऊ नका. कुणी भांडायला येत नाही, पण ज्या नजरेने बघतात ते पुरतं.

रानजाई
किती जण आहात? कधी जाताय? मुक्काम कुठे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

घाईत_आहे
चौघं आहोत. मुक्काम नुसा दुआला. @नाना, 'भाऊ' नाही, ताई. स्कूटरचं माझ्याही मनात आहे, पण नवरा कां कूं करतोय.

कायद्याचं_बोला
नवरा बरोबर करतोय. ताई, मोटरसायकलचा परवाना आहे का? कारचा नव्हे, दुचाकीचा. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलंत तर त्यावर तुमच्या भारतीय परवान्यात जे वर्ग आहेत तेवढ्यांवरच शिक्का बसतो. नुसता कारचा असेल तर परमिट खिशात असूनही स्कूटरसाठी तुम्ही विनापरवानाच. पोलिसाचा दंड एक वेळ परवडला, खरी गोची विम्याची. पडलात, हाड मोडलं, तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाला पहिला कागद हाच मागतो आणि नसला की दावा तिथेच संपतो. परमिट आरटीओतून मिळतं, फॉर्म ४ए, मुदत एक वर्ष. मूळ परवाना सोबत न्यायचाच.

भटकभवानी_नाना
आले वकीलसाहेब. बालीत निम्मे परदेशी विनापरवाना फिरतात. आम्ही फिरलो, काही झालं नाही. आणि परमिट असलं की जगात कुठेही चालतं, उगाच वर्ग-बिर्ग काढून घाबरवू नका.

कायद्याचं_बोला
'काही झालं नाही' हे ज्यांना काही झालं नाही तेच सांगायला उरतात. आणि 'जगात कुठेही' हेही चूक. भारत परमिट देतो ते १९४९च्या जिनिव्हा कराराखाली. व्हिएतनाम मानतो १९६८च्या व्हिएन्ना करारातलं. म्हणून आपलं परमिट घेऊन व्हिएतनामच्या उत्तरेत घाटात बाइक हाणणारे आपले लोक तिथे कायद्याने विनापरवानाच असतात.

डोंगरकपार
काय सांगता! आमचा ग्रुप पुढच्या हिवाळ्यात हा-जियांगला जातोय. मग करायचं काय?

कायद्याचं_बोला
मागे बसा. तिथे चालक मिळतात. आणि वेगळा धागा काढा.

गिअर_तिसरा
तिघंही मुद्द्यापासून लांब गेलात. ताईंना चिखल हवाय. चिखल हवा तर एटीव्ही, विषय संपला. उबुदच्या वरच्या अंगाला बांबूचं रान, ओढा, खाचरांच्या कडेची वाट, मध्ये गुडघाभर राडा. फक्त ती स्कूटरसारखी चालवायची नाही, आपली दुचाकीवाली माणसं तिथेच फसतात. ॲक्सिलरेटर मुठीत नाही, उजव्या अंगठ्याखाली खटका असतो. घाबरलो की आपण हँडल घट्ट आवळतो, अंगठाही दाबला जातो आणि गाडी पळते. दुसरं, मागची दोन्ही चाकं बहुतेक एकाच दांड्यावर एकत्र फिरतात, म्हणून ती वळायला कुरकुरते. वळणात अंग आतल्या बाजूला न्यावं लागतं. आणि तोल जातोय वाटलं तरी पाय खाली टेकवायचा नाही. स्कूटरची सवय असलेला हमखास टेकवतो आणि मागचं चाक पोटरीवर चढतं. पाय फूटरेस्टवर म्हणजे फूटरेस्टवर.

घाईत_आहे
ही खरी कामाची माहिती, धन्यवाद. एटीव्हीवर मागे सात वर्षांची मुलगी बसवता येईल का?

रानजाई
आत्ता कळलं की मुलगी आहे. चौथं कोण?

घाईत_आहे
सासूबाई. त्या उत्साही आहेत, काही अडचण नाही. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण चालतात व्यवस्थित.

रानजाई
😐

गिअर_तिसरा
अहो ताई, हे वर लिहायचं ना! गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईंना एटीव्हीवर नाही. मुलीचं वयाचं बंधन प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यांनाच विचारा. नुसतं 'चालेल' म्हणाले तर तिच्या मापाचं हेल्मेट आहे का ते विचारा. मोठ्यांचं हेल्मेट लहान डोक्यावर असं फिरतं की खड्ड्यात डोळ्यांवर येतं.

जुना_जिप्सी
इतका वेळ गप्प बसलो. जीप. पण कुठली जीप ते बघा. बातुरला बहुतेक जुन्या छोट्या लँड क्रूझर नाहीतर सुझुकी जिम्नी असतात. लँड क्रूझर एफजे४० दिसायला झकास, पण पुढे-मागे चारही बाजूंना पाटे, म्हणजे ट्रकसारख्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. लाव्हाच्या रवाळ काळ्या वाळूत ठीक, दगडांत मात्र मणका मोजून घेते. मागची सीट बऱ्याचदा आडवी, पट्टा नाही. फोटोसाठी लोक मागे दांडा धरून उभे राहतात, तो प्रकार मुलीला करू देऊ नका. सासूबाईंना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा आणि चढायला पायरी आहे का ते आधी विचारा. जमिनीपासून पहिलं पाऊल बरंच उंच पडतं, आणि त्या गुडघ्याला ते पहिलं पाऊलच जड जाणार.

जागा मात्र बघण्यासारखी. ज्वालामुखीच्या आत ज्वालामुखी आहे तो. बाहेरची जुनी कढई, तिच्यात सरोवर आणि मधोमध १७१७ मीटरचा बातुर. १९२६च्या उद्रेकात पायथ्याचं बातुर गावच गाडलं गेलं. लोकांनी देऊळ आणि गाव दोन्ही वर काठावर नेलं, आज तुम्ही किंतामणीला बघाल ते देऊळ त्यातलंच. जीप जिथे फिरते ती काळी पठारं १९६३, १९६८च्या लाव्हाची. त्या काळ्यावर आता कुठे झुडपं धरू लागलीत, आणि शेजारच्याच मातीत लोक कांदा-टोमॅटो काढतात. जीपवाल्याला सांगा की सूर्योदयाचा फोटो झाल्यावर लगेच खाली पळवू नको, मळ्यांच्या वाटेने ने.

आणि सासूबाईंसाठी माझं खरं मत विचाराल तर जीपही नको. बालीत जुन्या उघड्या फोक्सवॅगन मिळतात, फोक्सवॅगन १८१. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, चार दारं, छप्पर दुमडतं. फोर व्हील ड्राइव्ह नाही, म्हणून चिखलात घालत नाहीत, पण गावांच्या अरुंद डांबरी रस्त्यांवर याच्यासारखी मजा नाही. बसायलाही कार इतकीच खाली.

गिअर_तिसरा
जुन्या फोक्सवॅगनला ऑफरोड म्हणायचं? मग रिक्षाही ऑफरोड.

जुना_जिप्सी
रस्ता सोडण्याची हौस तुम्हाला, गाव बघायचंय ताईंना. पहिली पोस्ट वाचा.

घाईत_आहे
भांडू नका हो. बातुर जीप जवळजवळ ठरलीच म्हणते. नवरा आणि मुलगी मागे, सासूबाई पुढे. एजंट म्हणतो पहाटे तीनला हॉटेलवरून उचलेल.

पाकीटसांभाळू
ताई, व्हिसाचं बघितलंत ना? ऑन अरायव्हल ५,००,००० इंडोनेशियन रुपिया, ३० दिवस. शिवाय बालीचा पर्यटक शुल्क वेगळा, माणशी १,५०,००० रुपिया, १४ फेब्रुवारी २०२४ पासून. तो ऑनलाइन भरून क्यूआर कोड मोबाइलमध्ये ठेवा.

घाईत_आहे
@पाकीटसांभाळू हे विचारलं नव्हतं, पण ठीक आहे. जीपबद्दल कुणी सांगेल का?

रानजाई
जीपबद्दलच सांगतेय. तीनला निघालात तर सूर्योदय गाठणं कठीण. नुसा दुआ हे बाली बेटाच्या दक्षिण टोकाला, किंतामणी उत्तरेला, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यानेही दोन तास धरा. पुढे गाडी बदलून वर चढायचं. म्हणजे दोनच्या आसपास निघावं लागेल. आदल्या रात्री मुलगी झोपेल का, हाही प्रश्न आहे. आणि पुन्हा विचारतेय, तारीख काय? पावसाळ्यात गेलात तर सूर्योदयाच्या जागी ढगाचा पडदा बघून याल.

घाईत_आहे
मार्च. पाडव्याला जोडून चाललोय. १८ ला रात्री ११ च्या सुमारास उतरतोय, १९ ला पहाटे जीप, २०-२१ आराम, २२ ला परत. एजंटने प्रोग्रॅम छापून दिलाय.

रानजाई
१९ मार्च २०२६? थांबा. पैसे भरू नका.

त्या दिवशी बालीत न्येपी आहे. त्यांचं शकाचं नववर्ष, मौनाचा दिवस. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत अख्खं बेट बंद. रस्त्यावर गाडी नाही, माणूसही नाही. विमानतळ चोवीस तास बंद, मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. पर्यटकांनी हॉटेलच्या आवाराबाहेर पडायचं नाही, गावोगावचे पेचालांग, म्हणजे पारंपरिक रखवालदार, गस्त घालतात. सूट मिळते ती आजारपणासारख्या अडचणीला. जीप तर सोडाच, रात्री खोलीतला दिवा बाहेर दिसला तरी सांगायला येतात.

घाईत_आहे
म्हणजे?? एजंटच्या कागदावर १९ चीच जीप आहे. पिकअपची वेळसुद्धा लिहिलीय!

कायद्याचं_बोला
त्याला तो कागद आणि न्येपीची तारीख एकत्र पाठवा. व्हॉट्सॲपवर, लेखी. फोनवर बोलू नका.

तिथीवार
पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी आले हा योगायोग नाही. दोन्हीकडे शकच. आपल्या पंचांगात त्या दिवशी शके १९४८ लागतं, त्यांच्याकडेही १९४८च. आपण गुढी उभारतो, शोभायात्रा काढतो, ते चिडीचूप बसतात.

भटकभवानी_नाना
आणि त्यांची मिरवणूक आदल्या संध्याकाळी. ओगोह-ओगोह म्हणजे बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस खांद्यावर घेऊन चौकाचौकात गोल फिरवतात. एका राक्षसाची जीभ मी बघितली ती माझ्या कमरेपर्यंत येत होती, आणि त्याखाली दहा-बारा वर्षांची पोरं घामाने निथळत 'हो हो' करत चाललेली. त्या संध्याकाळसाठी तरी जावं.

रानजाई
पण ताई ११ ला उतरणार, तोवर मिरवणूक ओसरलेली असेल. रस्ते मात्र संध्याकाळपासून ठिकठिकाणी अडवलेले असतात. विमानतळावरून न्यायला हॉटेलचीच गाडी येतेय ना, हे लेखी विचारा, त्या रात्री रस्त्यावर टॅक्सी शोधत बसू नका. विमान लांबलंच तर सहाच्या आत हॉटेल गाठायला हवं. मुलीसाठी खाऊ आणि सासूबाईंची औषधं सोबतच ठेवा, १९ ला दुकान उघडं मिळणार नाही.

पाकीटसांभाळू
मुलीची मार्चमध्ये परीक्षा नाही का?

घाईत_आहे
@पाकीटसांभाळू 🙏 कृपया.
एजंटशी बोलले. आधी म्हणाला 'मॅडम, टुरिस्टला चालतं'. तारीख आणि विमानतळ बंद असल्याचं पाठवल्यावर आता म्हणतो जीप २० ला करू, पण त्या पहाटे जास्त पैसे पडतील.

जुना_जिप्सी
२० ची पहाट म्हणजे बंद सकाळी सहाला उठणार. दोनला निघताच येणार नाही. जास्त पैसे घेऊन तो नेणार कसा?

रानजाई
अगदी. २१ घ्या. २० ला दिवसा गावातले लोक एकमेकांकडे जातात, शिवाय ईदही त्याच आठवड्यात येतेय, म्हणजे जावा बेटावरून येणारी गर्दी. रस्ते भरलेले असतील. सूर्योदयाचा हट्टही सोडा. मार्चमध्ये पाऊस पूर्ण गेलेला नसतो. सकाळी सातला आरामात निघा, दहाच्या आत काळ्या लाव्हावर पोचा, दुपारी ढग यायच्या आधी उतरा. सासूबाईंची झोपही होईल.

गिअर_तिसरा
आणि परतताना उबुदला थांबून तुम्ही एकट्या एटीव्ही करा की. बाकीचे तिघं चहा पितील.

घाईत_आहे
२२ ची फ्लाइट सकाळची आहे, २१ ला इतकं जमेल?

गिअर_तिसरा
जमेल. बूट मात्र ओलेच पॅक करावे लागतील.

रानजाई
नाही जमणार. दोनपैकी एक निवडा, आणि एजंटकडून १९ चे पैसे वळते करून घेतल्याशिवाय २१ चे भरू नका.

घाईत_आहे
जीप २१, सकाळी सात. त्याला लिहून पाठवलं, पायरीचंही विचारलंय. दोन निळ्या टिक दिसतायत, उत्तर नाही.

डोंगरकपार
व्हिएतनामचा धागा काढलाय, कायद्याचं_बोला यांनी तिकडे यावं.