सॅक्सोफोन शिकायला कॉलेज कसं निवडलंत? नाशिककरांनो, अनुभव लिहा

भाची बारावीला आहे, कॉमर्सला. ऑल्टो सॅक्सोफोन वाजवते, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांत सहाव्या ग्रेडपर्यंत आली आहे आणि आता म्हणते, पदवीच यात करायची. घरात दोन तट पडलेत. आजीचं म्हणणं, "वाजव की, नाही कोण म्हणतंय? पण बीकॉम करून वाजव." मला स्वतःला पेटीपलीकडे काही कळत नाही. तुमच्यापैकी कुणी या वाटेने गेलं असेल, स्वतः किंवा मुलांच्या निमित्ताने, तर कॉलेज कशावरून ठरवलंत ते सांगा. रँकिंगच्या याद्या नकोत, त्या आमच्या पाठ झाल्यात.
– मामा, कॉलेज रोड

इंदिरानगरचा, सध्या जर्मनीत

मामा, आधी भाचीला विचारा: क्लासिकल की जॅझ? वाद्य एकच, पण बाहेर हे दोन वेगळे विभाग आहेत. शिक्षक वेगळे, प्रवेश परीक्षा वेगळी, माउथपीससुद्धा वेगळा. आपल्याकडे कुणी हा फरक करत नाही. मीही ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी गाणी आणि घरी ग्रेडचे पीस असंच वाजवत होतो. क्लासिकलला जायचं तर ग्लाझुनोव्हचा कॉन्चेर्टो (१९३४), इबेरचा कॉन्चेर्टिनो (१९३५), क्रेस्टनचा सोनाटा या सॅक्सोफोनच्या रचनांशी कधी ना कधी गाठ पडतेच. जॅझला स्टँडर्ड ट्यून्स (सगळे वाजवतात त्या जुन्या चाली) आणि समोर रिदम सेक्शन (ड्रम्स, बेस, पियानो) असताना इम्प्रोवायझेशन, म्हणजे जागच्या जागी सुचेल ते वाजवणं.

मी शहर बघितलं नाही, शिक्षक बघितला. आठवड्याला तासभर ज्याच्यासमोर बसायचं तो माणूस कोण, एवढाच प्रश्न. ज्यांचं वादन आवडलं त्या प्राध्यापकांना मेल करून एकेक तास मागितला. तिकडे ते सर्रास चालतं, कुणाला आगाऊपणा वाटत नाही. एकांनी मी तयार केलेले सगळे पीस ऐकायचं सोडून जवळजवळ पूर्ण तास एका लांब सुरावर घालवला: ओठ कुठे आवळतोस, हवा कुठे अडते. घरचे म्हणाले, यासाठी पैसे दिले? मी अर्ज तिथेच केला.

पैशांचं म्हणाल तर जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. राहण्याजेवण्याचा खर्च सगळीकडेच आहे. जर्मन भाषेचं प्रमाणपत्र लागतं, अनेक ठिकाणी बी१ किंवा बी२ (मधल्या पातळ्या). आणि परीक्षेत सॅक्सोफोनबरोबर थिअरी, कानाची परीक्षा (सूर ऐकून ओळखायचे) आणि बहुतेकदा थोडा पियानोही असतो. आपली मुलं पडतात ती इथे. पियानो आजपासून सुरू करा.

बँडवाल्यांच्या घरातला, पंचवटी

आमच्याकडे आजोबांपासून बँड. सॅक्स मी लग्नाच्या सिझनमध्ये शिकलो, वरातीत चालता चालता. सगळं कानावर. ऑल्टोवर सी वाजवला की पेटीवरची काळी दोन ऐकू येते, टेनरवर काळी पाच. हे बोटांना ठाऊक होतं, नोटेशनच्या कागदावर दाखव म्हटलं की घाम फुटायचा. कॉलेजवाले पहिल्यांदा कागदच पुढे करतात.

भारतात बघत असाल तर रहमान यांची चेन्नईची के. एम. म्युझिक कन्झर्व्हेटरी (२००८ पासून) आणि दिल्लीकडची ग्लोबल म्युझिक इन्स्टिट्यूट ही नावं कुणीही सांगेल. नाव कुठलंही असो, फोन करून एकच विचारा: सॅक्स शिकवायला कायमचा माणूस आहे का, आणि आत्ता सॅक्सची मुलं किती? गर्दी गाणं, गिटार, पियानो, ड्रम्सला असते. एका संस्थेच्या माहितीपत्रकावर सॅक्सोफोनचा मोठा फोटो होता. प्रत्यक्ष गेलो तर शिकवणारे दुसऱ्या गावाहून येतात, जमेल तसे. मी परत आलो, ग्रेडच्या परीक्षा दिल्या आणि आता वाचून वाजवतो. सुपाऱ्या आहेतच, पण मुंबईला रेकॉर्डिंगचं कामही मिळतं. पदवी नाही. अडलंय का? अजून तरी नाही.

एक आई, गंगापूर रोड

दादांचं "अडलं नाही" आमच्या घरात चाललं नसतं, म्हणून लिहिते. ट्रिनिटीच्या आठव्या ग्रेडनंतर एटीसीएल, एलटीसीएल, एफटीसीएल अशा डिप्लोमा परीक्षा असतात. एलटीसीएलची पातळी पदवीच्या शेवटच्या वर्षाइतकी धरतात. पण ती पदवी नव्हे. उद्या एखाद्या नोकरीला किंवा स्पर्धा परीक्षेला पदवीधर असण्याची अट आली की हा कागद उपयोगी पडत नाही. म्हणून मुलाने इथेच बीए केलं आणि शनिवारी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला शिकायला गेला. सगळ्यांत जास्त तास त्याला याच काळात मिळाले, कारण बीएला त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही! नंतर बाहेर अर्ज केला तो विसाव्या वर्षी, वाजवायला काहीतरी हातात घेऊन.

वाद्याचा खर्चही धरा. शिकाऊ ऑल्टोवर ऑडिशनला जाता येतं, पण बरेच शिक्षक लवकरच वरच्या दर्जाचा घ्यायला सांगतात. रीड्स (तोंडाशी लावायच्या वेताच्या पट्ट्या) तर किराणा मालासारख्या संपतात.

देवळाली कॅम्प, निवृत्त

लष्करी बँडमध्ये होतो. पचमढीला सैन्याची मिलिटरी म्युझिक विंग आहे, तिथे सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट सगळं शिस्तीत शिकवतात. फी नाही, उलट पगार. मात्र आधी भरती, मग वाद्य. ज्याला मार्च वाजवायचा कंटाळा येईल त्याने जाऊ नये.

बोस्टनहून परतलेली

मी बोस्टनच्या बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकला होते. ऑडिशनमध्ये तयार केलेला पीस, इम्प्रोवायझेशन, साइट रीडिंग (आधी न पाहिलेलं नोटेशन वाचून वाजवणं), कानाची परीक्षा आणि वेगळी मुलाखत. शिष्यवृत्तीचा आकडा पाहून उडी मारू नका, चारही वर्षांची फी आणि बोस्टनचं घरभाडं वजा करून उरतं ते बघा. माझ्याबरोबरच्या एकीने याच हिशोबापायी जागा सोडली आणि मला तिचा निर्णय आजही शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांना आणखी एक विचारा: पहिल्या वर्षाला प्राध्यापक स्वतः शिकवतात की त्यांचे पदव्युत्तर विद्यार्थी? आणि क्लासिकलवाल्यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या नोकरीच्या भरवशावर जाऊ नये. सॅक्सोफोन १८४६ साली पेटंट झाला, तोवर ऑर्केस्ट्रातल्या खुर्च्या वाटून झाल्या होत्या. त्यामुळे पदवीनंतर बहुतेक जण शिकवतात.

रागवाला, नाशिक रोड

कद्री गोपालनाथांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये हे वाद्य ऐकलं आणि पुढे कर्नाटक संगीत वाजवून १९९४ साली लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवापर्यंत गेले. मी सॅक्सोफोनच्या नाही, गाण्याच्या गुरूंकडे शिकतो. मींड जबड्याने आणि ओठांनी काढायची, वाद्याची कळ हळूहळू सोडायची. हे शिकवणारा विभाग मला तरी कुठल्या कॉलेजात सापडला नाही.

मामा

भाचीला सगळं वाचून दाखवलं. "क्लासिकल" म्हणाली, म्हणजे पहिला प्रश्न सुटला. दोन प्राध्यापकांना मेल गेलेत. आजीला बीए करून जाण्याची कल्पना पटली आहे, भाचीला नाही. एक विचारायचं राहिलं: अर्जाबरोबर व्हिडिओ मागतात, तो नाशकात कुठे करायचा?

इंदिरानगरचा, सध्या जर्मनीत

स्टुडिओच हवा असं नाही, शांत हॉल आणि बरा माइक पुरतो. नियम बघा: बहुधा पीस एका दमात, मध्ये कापाकापी नाही, चेहरा आणि हात दिसले पाहिजेत. अडतं ते पियानोच्या साथीपाशी. ग्लाझुनोव्हची साथ सोपी नाही. चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्यांकडे देवळालीत चौकशी करा, मला साथ तिथेच मिळाली. ब्रिटनच्या कन्झर्व्हेटरींचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, म्हणून गणपतीच्या बरंच आधी रेकॉर्ड करून टाका. एकदा ढोलपथकांचा सराव सुरू झाला की नाशकात कुठल्याच माइकला सॅक्सोफोन ऐकू येत नाही.