दाखला मुदतीत मिळाला म्हणे!

पाचवी खिडकी:
लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत, विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. कागदावर झकास. गेल्या जूनमध्ये भाचीच्या प्रवेशासाठी अर्ज टाकला. चौदाव्या दिवशी शेरा: 'त्रुटी. रेशनकार्डाची मागची बाजू अस्पष्ट.' पुन्हा फोटो, पुन्हा अर्ज, पुन्हा पहिला दिवस. कार्यालयाच्या कामगिरीच्या तक्त्यात आमचे दोन्ही अर्ज 'मुदतीत निकाली'. म्हणजे आमचा हेलपाटा त्यांच्या कामगिरीत जमा! मोजायचंच तर पहिल्या अर्जापासून दाखला पोरीच्या हातात पडेपर्यंतचे दिवस मोजा.

अव्वल कारकून:
जरा खिडकीच्या आतून बघा. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन गावं, त्यात पंचनामे, निवडणुकीची कामं. जूनमध्ये सगळे पालक एकाच आठवड्यात. मुदत नव्हती तेव्हा अर्ज गठ्ठ्यात तळाशी जायचा, दंडाच्या धाकानं निदान वर आला. मुदतीला नावं ठेवू नका.

पाचवी खिडकी:
मुदत राहू द्या. ही रांग लावली कोणी, ते विचारतोय. २०२४ ला लाडकी बहीण आली, अडीच लाखांची अट, दाखल्यांसाठी झुंबड. मग सरकारनंच सांगितलं, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. ना तलाठी वाढवले, ना खिडक्या. कार्डवालीला रांगेत यायचं कारणच उरलं नाही.

करदाती:
आणि २०२५ च्या छाननीत दोन हजारांवर सरकारी कर्मचारी लाभार्थी निघाले, त्याचं काय? दारातली चाळण काढलीत, भुर्दंड आम्हाला.

पाचवी खिडकी:
त्यांचे पगार सरकारच्याच 'सेवार्थ' या संगणकीय पगार-प्रणालीतून निघतात ना? दोन याद्या शेजारी ठेवायला तलाठी कशाला हवा?

अव्वल कारकून:
बोलायला सोपं. रेशन पुरवठ्याकडे, योजना महिला-बालविकासकडे, दाखला महसूलकडे. केशरी कार्डावरचा उत्पन्नाचा आकडा कधीचा असतो, बघितलाय? माझ्यासमोर येतात त्यांतले कित्येक पोरगी बालवाडीत होती तेव्हाचे. आता ती कॉलेजात. नावात एका वेलांटीचा फरक पडून कुणाचे पैसे अडले, तर बाई संगणकाकडे जात नाही, माझ्या टेबलाशी येते.

करदाती:
मग निदान त्रुटी तीन दिवसांत कळवा. चौथ्या दिवसापासून काढायची नाही.

अव्वल कारकून:
चालेल. वरून लेखी आणा.